सोनेरी वेळेचा इतिहास : समुद्रकिनारा, माणसाचा चेहरा आणि तांबडा उजेड न ओळखणारी काच

१/
खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीच्या उत्तरेकडील, आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सामावलेले गाव. येथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही लग्नसराई जवळ आली की या पट्ट्यातील कितीतरी नियोजित वधूवर छायाचित्रकाराला सोबत घेऊन ताम्हिणी घाट उतरतात आणि दिवेआगर, श्रीवर्धन गाठतात. सारा बेत एकाच वेळेभोवती आखलेला असतो. ती वेळ म्हणजे सूर्यास्तापूर्वीचा तास. छायाचित्रकार तिला ‘गोल्डन अवर’ म्हणतात.

२/
या वेळी चेहऱ्यावर मऊ, सोनेरी उजेड पडतो आणि माणूस सुंदर दिसतो, ही गोष्ट आज इतकी सर्वमान्य आहे की ती सनातन सत्य वाटते. प्रत्यक्षात तिला इतिहास आहे. १८६० साली मुंबईच्या किनाऱ्यावर एखाद्या कोळणीचे छायाचित्र घ्यायचे असते, तर जाणकार छायाचित्रकाराने हीच वेळ कटाक्षाने टाळली असती. का, याचे उत्तर शोधताना जुन्या छायाचित्रांतील आपल्या पूर्वजांचे चेहरे तसे का दिसतात, हेही उलगडते.

३/
प्रथम उजेडाविषयी. सूर्य डोक्यावर असताना त्याचे किरण वातावरणाचा सर्वांत कमी जाडीचा थर ओलांडतात. सूर्य क्षितिजाशी टेकला की तोच प्रवास सुमारे ३८ पट लांबतो. या वाटेत निळे किरण हवेतील रेणूंमुळे चहूकडे विखुरतात, पिवळे-तांबडे तेवढे पुढे येतात. आकाश निळे आणि सांज तांबडी असण्याचे हे कारण लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये गणिताने मांडले.

४/
आता काचेविषयी. आरंभीच्या छायाचित्रणात काचेवर किंवा कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असे. उजेड पडला की हे क्षार पालटत. मात्र त्यांना जाणवे तो फक्त निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश. हिरवा फारसा जाणवत नसे. पिवळा त्याहून कमी, आणि तांबडा जवळजवळ नाहीच. माणसाच्या डोळ्याला जो उजेड सोनेरी दिसतो, तो त्या काचेच्या लेखी अंधारच होता.

५/
याचा पुरावा अनेकांनी चित्रपटांत पाहिला आहे. छायाचित्र धुण्याच्या काळोख्या खोलीत लाल दिवा जळत असतो. त्या उजेडात माणसाला नीट दिसते, पण कागद खराब होत नाही, कारण कागदाला लाल प्रकाश कळतच नाही. संध्याकाळचा समुद्रकिनारा हा जुन्या छायाचित्रकारासाठी अशीच एक लाल दिव्याची प्रचंड खोली होता.

६/
या कलेचे मुंबईत पाय रोवले गेले ते १८५० च्या दशकात. १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत लष्करी अधिकारी, व्यापारी, डॉक्टर असे हौशी लोक होते आणि त्यांत मोजके भारतीयही होते. प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकी एक. आज भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

७/
भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तर कॅमेरा मनापासून जवळ केला. मुंबईच्या रस्त्यांवरील निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे त्यांनी टिपली. पुढे हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा छायाचित्र-व्यवसाय उभारून नाव मिळवले. म्हणजे या शहरात माणसांची छायाचित्रे घेण्याची परंपरा केवळ साहेबांची नव्हती. पण साहेब असो वा दाजी, प्रत्येकाला आज्ञा पाळावी लागे ती काचेची.

८/
ती काच फार हट्टी होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने कोलोडियनची पद्धत जाहीर केली होती. काचेवर कोलोडियनचा चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन पक्की करायची. सारा खेळ काही मिनिटांचा. म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, बाटल्या, पाणी आणि हमाल असा लवाजमा चाले.

९/
मुंबईच्या हवेत हा खेळ आणखी अवघड होई. कोलोडियनमधील ईथर उष्णतेने झपाट्याने उडे आणि काच वेळेआधीच वाळे. हिंदुस्थानातील अनेक छायाचित्रकार कागदी निगेटिव्हला बराच काळ धरून राहिले, त्याचे एक कारण हेच. उष्णता टाळायची तर पहाट बरी. पण पहाटेचा उजेड तांबूस, म्हणजे काचेच्या दृष्टीने निरुपयोगी. रसायनाला गारवा हवा होता आणि काचेला चढलेले ऊन, असा हा पेच होता.

१०/
समुद्रकिनाऱ्यावर तिसरी अडचण वाऱ्याची. शाळेच्या भूगोलातील खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष कामाला येतात. रात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि तो मंद असतो. दिवस तापला की समुद्राकडून खारा वारा सुटतो व दुपारनंतर जोर धरतो. माणसाने काही सेकंद पुतळ्यासारखे उभे राहायचे, त्यात लुगड्याचा पदर फडफडला की काचेवर धुके उमटे. उडालेली वाळू ओल्या काचेवर चिकटे, ती वेगळीच.

११/
या सर्वांचा मेळ घालून निघणारी वेळ म्हणजे सूर्य बऱ्यापैकी वर आल्यानंतरची सकाळ. उजेड पांढरा झालेला, हवा अजून सुसह्य, वारा शांत. शिवाय माणसाला थेट उन्हात उभे न करता भिंतीच्या किंवा कापडी छताच्या सावलीत, मोकळ्या निळ्या आकाशासमोर बसवत. तेथे चेहऱ्यावर आकाशाचा पसरट निळसर प्रकाश येतो. डोळ्याला तो थंड वाटतो, पण काचेला नेमका तोच लागे. चित्रशाळांना उत्तरेकडे मोठ्या काचा ठेवण्यामागे हाच हिशेब होता.

१२/
ऐन दुपारी उजेड सर्वाधिक असला, तरी चेहऱ्यासाठी तो वाईट. मुंबई उत्तर अक्षांश १९ अंशांच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि जुलैच्या उत्तरार्धात, मध्यान्ही सूर्य अगदी माथ्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस. अशा उन्हात कपाळ आणि नाक उजळते, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली साचते. एकोणिसाव्या शतकातला हा नियम मात्र आजही बदललेला नाही.

१३/
माणूस सावलीत बसवला, पण समुद्राचे काय? लाटा थांबत नाहीत. शिवाय निळे आकाश काचेला इतके प्रखर भासे की किनाऱ्याची वाळू नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. जुन्या छायाचित्रांत ढग क्वचितच दिसतात ते यामुळे. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि दोन्ही क्षितिजरेषेवर जोडून एकच छापील चित्र. त्याची समुद्रचित्रे युरोपात गाजली.

१४/
मुंबईत विल्यम जॉन्सन याने हीच युक्ती माणसांसाठी वापरली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या या सभासदाने विल्यम हेंडरसनच्या साथीने १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचे एक मासिक चालवले. पुढे मुंबईतील विविध जाती-जमातींच्या लोकांवरील त्याचा सचित्र ग्रंथ लंडनहून दोन खंडांत निघाला. गुजरात, कच्छ व काठेवाडचा खंड १८६३ मध्ये आणि महाराष्ट्राचा १८६६ मध्ये.

१५/
या ग्रंथातील माणसे मुंबईच्या मोकळ्या जागी उभी असल्याचा भास होतो, पण अनेक चित्रांत तसे नाही. माणसांचा गट एका निगेटिव्हवर वेगळा टिपलेला, आणि मागची इमारत किंवा देखावा दुसऱ्या निगेटिव्हवर. दोन्ही जोडून चित्र छापलेले. अशी जोडणी ओळखण्याची साधी खूण म्हणजे पायांखालची सावली. माणसावर उजेड एका बाजूने आणि मागच्या देखाव्यावर दुसऱ्या बाजूने पडलेला असतो, किंवा पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटतच नाहीत. पार्श्वभूमी बदलण्याचे तंत्र मोबाइल फोनच्या कितीतरी आधीचे आहे.

१६/
येथपर्यंतची कथा तांत्रिक अडचणींची आहे. तिचा गंभीर भाग आता येतो. जी काच तांबडा-पिवळा प्रकाश ओळखत नाही, ती माणसाच्या त्वचेलाही खरा न्याय देत नाही. सावळ्या किंवा गव्हाळ वर्णाच्या त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात पिवळा-तांबडा भाग मोठा असतो आणि निळा थोडा. काचेने तेवढा निळाच मोजला. परिणामी उन्हापावसात राबणारी गव्हाळ माणसे चित्रात प्रत्यक्षाहून कितीतरी काळी उमटली. गोऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरील फिकट तपकिरी ठिपकेसुद्धा त्या काचेवर गडद डागांसारखे दिसत.

१७/
हे घडत होते तो काळ १८५७ नंतरचा. राज्यकर्त्यांना प्रजेची वर्गवारी हवी होती. १८६८ ते १८७५ या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आणि प्रत्येक समाजाविषयी शेरे होते. छायाचित्र म्हणजे निखळ पुरावा, असे मानले जाण्याचा तो काळ. काचेची उणीव माणसाच्या वर्णाची नोंद म्हणून कागदावर गेली, आणि त्या काचेला काय दिसत नाही हे पाहणाऱ्याला कोणी सांगितले नाही.

१८/
या काचेने केवळ त्वचेचाच रंग बदलला नाही. लाल पुणेरी पगडी चित्रात काळी झाली. कुंकू काळ्या टिकलीसारखे उमटले. भगवे वस्त्र गडद झाले, हळदीचा पिवळा मळकट पडला. याउलट निळे कापड फिकट, कधी जवळजवळ पांढरे दिसू लागले. म्हणून एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रावरून कोणाच्या पगडीचा किंवा लुगड्याचा रंग ठरवणे धोक्याचे आहे. काळे दिसते ते लाल असू शकते आणि पांढरे दिसते ते आकाशी.

१९/
बदलाची सुरुवात एका अनपेक्षित निरीक्षणातून झाली. १८७१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचांची कल्पना मांडली होती आणि ओल्या काचेची कटकट संपण्याच्या मार्गावर होती. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल याला काही काचा हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देताना आढळल्या. कारण त्यांत मिसळलेले रंजकद्रव्य. जो रंग ते द्रव्य शोषते, तो रंग काचेला दिसू लागतो, हे त्याने ओळखले.

२०/
या शोधातून १८८० च्या दशकात ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा बाजारात आल्या. त्यांना हिरवा आणि काहीसा पिवळा दिसे, तांबडा अजूनही नाही. सर्व रंग जाणणाऱ्या ‘पँक्रोमॅटिक’ काचा इंग्लंडमधील रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये विकायला आणल्या. पण त्या महाग होत्या आणि त्यांच्यासाठी लाल दिवाही चालत नसे, पूर्ण काळोखात काम करावे लागे. त्यामुळे रोजच्या कामात जुन्या काचा आणि जुनी फिल्म आणखी बरीच वर्षे टिकली.

२१/
दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला तो याच संधिकाळात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके स्वतः छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले होते आणि गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसायही केला होता. त्यांचे चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले. त्या काळी प्रचलित असलेल्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसल्याने जगभर नटांच्या चेहऱ्यांना फिकट रंग फासण्याची रीत होती. मूकपटांतील पांढुरके चेहरे आणि काळेभोर ओठ हे मुख्यतः रसायनाचे देणे आहे.

२२/
समुद्रकिनारा, सावळी त्वचा आणि सांजेचा उजेड हे तिन्ही एकत्र आले ते मात्र मुंबईपासून दूर, प्रशांत महासागरात. रॉबर्ट फ्लाहर्टी हा अमेरिकी चित्रपटकार १९२३-२४ मध्ये सामोआच्या सवाई बेटावर ‘मोआना’ चित्रित करत होता. जुन्या फिल्मवर तेथील लोकांची तांबूस-सावळी कांती निर्जीव काळी उमटे. त्याने पँक्रोमॅटिक फिल्म वापरून पाहिली आणि चेहऱ्यांना जिवंतपणा आला.

२३/
फ्लाहर्टीने दुसरीही गोष्ट केली. चित्रीकरण त्याने सकाळी लवकर आणि दुपार उतरल्यावर, सावल्या लांब असताना करण्यावर भर दिला. तिरप्या उजेडात अंगाला गोलाई आणि खोली येते. १९२६ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा जॉन ग्रिअर्सन याने परीक्षणात त्याला उद्देशून ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला, आणि तो पुढे एका संपूर्ण प्रकाराचे नाव झाला. किनाऱ्यावरच्या माणसासाठी दिवसाचे दोन्ही काठ उपयोगी आहेत, हे काचेला तांबडा दिसू लागल्यावरच सिद्ध होऊ शकले.

२४/
पुढे रंग आले. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंचे ऑटोक्रोम, १९३५ मध्ये कोडाक्रोम. आता सांजेचा सोनेरीपणा सोनेरी म्हणूनच उमटू लागला. पण रंगीत फिल्मचा तोल ठरवताना प्रयोगशाळा कित्येक दशके गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्राचा नमुना समोर ठेवत असत. छायाचित्रकारांत तो ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखला जाई. सावळ्या चेहऱ्याला मिळायचा न्याय त्यामुळे पुन्हा लांबला. मऊ, उबदार उजेडाची वेळ निवडणे हा सावळ्या माणसांच्या छायाचित्रकारासाठी त्यावरचा एक व्यावहारिक उपायही होता.

२५/
कोकणचा किनारा या हिशेबात स्वतःची भर घालतो. येथे सूर्य सह्याद्रीच्या मागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. सकाळी माणूस समुद्राला पाठ करून उभा राहिला की ऊन समोरून चेहऱ्यावर येते आणि मागे उजळलेले पाणी दिसते. मात्र डोंगर आणि नारळी-पोफळींमुळे ते किनाऱ्यावर उशिरा पोहोचते. संध्याकाळी तीच जागा घेतली तर सूर्य पाठीमागे जातो आणि चेहरा काळोखतो. सोनेरी चेहरा हवा तर तोंड समुद्राकडे करावे लागते. पुरी किंवा चेन्नईच्या पूर्व किनाऱ्यावर हे गणित नेमके उलटे होते.

२६/
उजेडाइतकाच विचार भरती-ओहोटीचा करावा लागतो, आणि येथे कोळ्यांचे जुने गणित उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी सोनेरी वेळेला पुळण पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती मध्यान्हाजवळ येते आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. तेव्हा सूर्यास्ताला किनारा रुंद, ओला आणि आरशासारखा असतो. घड्याळापेक्षा पंचांग येथे अधिक कामाचे.

२७/
निघोजे-चाकणहून निघालेल्या वधूवरांची तारीख अशा रीतीने तिथी, वारा, डोंगर आणि सूर्य यांच्या मेळातून ठरते. त्यांच्या हातातील कॅमेऱ्याला तांबडा दिसतो, म्हणून त्यांना सांज निवडता येते. नारायण दाजींच्या काळातील माणसांना ही निवड नव्हती. ती सकाळच्या निळ्या सावलीत श्वास रोखून बसली, आणि काचेने त्यांच्या रंगातला जेवढा भाग ओळखला तेवढाच मागे उरला.

२८/
म्हणून संग्रहालयात किंवा घरच्या जुन्या अल्बममध्ये एकोणिसाव्या शतकातील चेहरा समोर आला, की आधी तीन गोष्टी पाहाव्यात : आकाश कोरे आहे का, कुंकू काळे दिसते का, पायांखालची सावली मागच्या देखाव्याशी जुळते का. आकाश कोरे आणि कुंकू काळे असेल, तर त्या चेहऱ्याचा वर्णही तितकाच बदललेला आहे, हे ध्यानात ठेवूनच ते छायाचित्र वाचावे. सावली जुळत नसेल, तर तो माणूस त्या जागी कधी उभा राहिलाच नसेल.